टक्केवारीचे भय आणि स्त्रीचे आरोग्य

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या विस्तृत संशोधनाचा एक भाग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी वाढले, हे वृत्त जगभर पसरले. लक्षावधी स्त्रियांनी औषध सोडले. अनेक डॉक्टरांनी ते लिहून देणेच बंद केले. ‘हॉर्मोन म्हणजे कॅन्सर’ हे समीकरण तेव्हापासून सुशिक्षित घरांतही रूढ झाले. ते तपासून पाहण्याची गरज मात्र फारशी कोणाला वाटली नाही.

२६ टक्के वाढ झाली, पण कशावर? हा प्रश्न शाळकरी अंकगणिताचा आहे. औषध न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना हा कर्करोग होत होता; घेणाऱ्यांत तो ३८ जणींना झाला. म्हणजे वाढ दहा हजारांमागे आठांची. हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसातील रक्ताची गुठळी यांतही जवळपास तेवढीच भर पडली. उलट खुब्याचे अस्थिभंग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झाला. शिवाय या १६ हजारांहून अधिक स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीच्या आत-बाहेर अंगातून वाफा निघतात, रात्र-रात्र झोप लागत नाही, म्हणून उपचार मागणाऱ्या स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे हे गणितही नव्हे आणि वैद्यकही नव्हे.

मात्र भय अतिरंजित होते म्हणून धोका काल्पनिक ठरत नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे दोन्ही संप्रेरके रोज घेणाऱ्या दर ५० स्त्रियांत, पुढील वीस वर्षांच्या काळात, सुमारे एकीला जादा कर्करोग होतो, केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २०० मध्ये एक इतके आहे. हा आकडा नगण्य नाही आणि भयंकरही नाही. तो तोलून पाहण्याचा आहे, आणि तो तोलण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे.

याच्या अगदी उलट भ्रमही एके काळी तितक्याच जोमाने विकला गेला. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टराने ‘फेमिनाइन फॉरेव्हर’ या पुस्तकातून इस्ट्रोजेनला चिरतारुण्याची गुटी ठरविले. १९७५ मध्ये उघड झाले, की गर्भाशय असलेल्या स्त्रीने एकटे इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बळावतो; म्हणूनच दुसऱ्या संप्रेरकाची जोड द्यावी लागली. अमृत आणि विष ही दोन्ही विशेषणे एकाच आळसातून जन्मली. सर्व स्त्रियांना एकच उत्तर हवे, हा तो आळस.

आजचे वैद्यकीय मत अधिक संयमी आहे. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास तीव्र असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात यांचा पूर्वेतिहास नसेल, तर बहुतेकींना लाभ धोक्याहून अधिक असतो. केवळ हृदयविकार टाळण्यासाठी हे औषध घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे ठळक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराला असलेल्या धोक्याचा इशारा मात्र कायम ठेवला.

हा वाद केवळ शहरी, सुखवस्तू स्त्रियांचा आहे, असे समजणे हा आणखी एक गैरसमज. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ‘पिशवी काढली की कटकट गेली’ असे त्यांच्यासारख्या स्त्रियांना सांगितले जाते. पण पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती ओढवते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रीला अन्य अडचण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देणे ही चैन नव्हे. जे शरीरातून काढून घेतले, त्याची ती भरपाई आहे.

एकीकडे वृत्तपत्रातील टक्केवारीला भिऊन औषध नाकारणारी शिक्षित स्त्री आहे; दुसरीकडे आपले बीजकोश शाबूत आहेत की नाहीत, हेही ठाऊक नसलेली मजूर स्त्री. दोघींचे दुःख एकाच अज्ञानाच्या दोन बाजू आहेत. शस्त्रक्रियेत काय काढले आणि काय ठेवले, हे रुग्णेला मराठीत लिहून देणे रुग्णालयांना बंधनकारक असावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रसूतीइतकेच रजोनिवृत्तीलाही स्थान मिळावे. आणि ‘किती टक्के?’ या प्रश्नापाठोपाठ ‘कितींपैकी किती?’ हे विचारण्याची सवय शाळा-महाविद्यालयांतच लागावी. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. फळा आणि खडू पुरेसे आहेत.