घरखर्चाचा हिशोब : गाडीच्या बिलात कर किती आणि फी किती?



आपल्या समाजातील काही मुले-मुली आज अमेरिकेत नोकरी-धंदा करीत आहेत. तिकडे गाडी ही चैन नव्हे. बहुतेक गावी गाडीवाचून कामावर पोहोचता येत नाही. म्हणून त्या गाडीवरील कराचा हिशोब आम्ही आज मांडत आहोत. तो इकडच्या आई-वडिलांनीही समजून घ्यावा.

आपल्या महाराष्ट्रात खाजगी गाडी घेताना रोड टॅक्स एकदाच भरतात. कॅलिफोर्नियात मात्र रजिस्ट्रेशनचे बिल दरवर्षी घरी येते. एकूण रक्कम एकच दिसते, पण तिच्या पोटात अनेक रकमा असतात. रजिस्ट्रेशनची फी, महामार्ग पोलिसांची फी, जिल्ह्याच्या फिया आणि 'व्हेइकल लायसन्स फी'. या शेवटच्या रकमेच्या नावात फी असली तरी ती खरा कर आहे. 1935 साली गाड्यांवरील स्थानिक मालमत्ता कराच्या जागी ती आली. ती गाडीच्या किमतीवर आकारतात, आणि गाडी जुनी होत जाते तशी ती उतरते.

अमेरिकेच्या केंद्रीय इन्कम टॅक्सचा नियम असा आहे की, जंगम मालमत्तेवर, निव्वळ तिच्या किमतीच्या प्रमाणात आणि वार्षिक म्हणून बसविलेला कर उत्पन्नातून वजा करता येतो. त्यामुळे बिलातील फक्त ही एक ओळ वजावटीला चालते. बाकीच्या फिया चालत नाहीत. संपूर्ण बिल वजा दाखविणे ही चूक आहे. ती पकडली गेली तर कर आणि व्याज भरावे लागते, वर दंडही बसू शकतो. टेक्सासमध्ये गाडीची किंमत न पाहता ठरावीक फी घेतात, तेथे वजा करण्यासारखे काहीच नाही. उलट व्हर्जिनियात गाडीवरच्या किमतीनुसार मालमत्ता कराचे वेगळेच बिल येते, ते वजा करता येते. सारांश, नाव पाहू नका, आकारणी पाहा.

आता आकडा पाहू. कॅलिफोर्नियातील दर 0.65 टक्के आहे. गाडीची धरलेली किंमत 20,000 डॉलर असेल तर कर 130 डॉलर होतो. बारा टक्क्यांच्या पायरीतील माणसाने तो वजा केला तर सुमारे साडेपंधरा डॉलर वाचतात. रक्कम लहान आहे. पण ती कोणाच्या हाती पडते, हा खरा प्रश्न आहे.

ही वजावट 'शेड्यूल ए' या फॉर्मवर मिळते. जो खर्च एकेक करून दाखवतो त्यालाच ती लागू होते. जो तसे दाखवत नाही त्याला सरसकट ठरलेली वजावट मिळते. 2025 सालासाठी ती नवरा-बायकोला मिळून 31,500 डॉलर होती. घराच्या कर्जाचे व्याज, घरपट्टी, राज्याचा इन्कम टॅक्स, देणग्या मिळून जो या आकड्यापलीकडे जातो, त्यालाच गाडीच्या कराचा लाभ होतो. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार सहसा तिथपर्यंत पोहोचत नाही. कर दोघांनी भरला, सवलत बंगलेवाल्याला मिळाली. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर 2018 पासून 10,000 डॉलरची मर्यादा होती, ती 2025 सालापासून 40,000 झाली. तिचाही उपयोग मोठ्या घरपट्टीवाल्यालाच अधिक.

मग कष्टकऱ्याने काय करावे? जो स्वतःची गाडी धंद्यासाठी चालवतो, प्रवासी वा माल नेतो, त्याला एक वेगळी वाट आहे. धंद्याच्या 'शेड्यूल सी' वर गाडीचा खर्च दाखवता येतो. मैलामागे ठराविक दर (2025 साली 70 सेंट) घेतला तर रजिस्ट्रेशनची फी त्यातच धरलेली असते. पण किमतीवरचा कर मात्र धंद्याच्या प्रमाणात वेगळा वजा करता येतो. वर्षात 15,000 मैल गाडी धावली आणि त्यांतले 12,000 धंद्याचे असले, तर 130 पैकी 104 डॉलर धंद्याचा खर्च ठरतो. येथे सरसकट वजावटीचा अडथळा नाही. याच ठिकाणी पुष्कळ जण अज्ञानापोटी हक्काचा पैसा सोडून देतात. त्यासाठी मैलांची नोंद रोजच्या रोज वहीत ठेवली पाहिजे. वही नसेल तर हक्क असूनही तो शाबीत करता येत नाही.

या कराला कमी लेखू नका. 2003 साली कॅलिफोर्नियात हा दर पुन्हा 2 टक्क्यांवर नेला, तेव्हा लोक खवळले. त्याच वर्षी मतदारांनी राज्यपाल ग्रे डेव्हिस यांना परत बोलावले. त्यांच्या जागी आलेल्या अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पहिल्याच दिवशी ती वाढ रद्द केली. बिलाची एक ओळ सरकार हलवू शकते, ते असे.

तेव्हा तिकडच्या लेकरांना फोन कराल तेव्हा एवढे जरूर सांगा: बिल फेकू नका, ओळ न् ओळ वाचा, धंदा असेल तर वही ठेवा. इकडेही टेम्पो वा रिक्षा चालविणाऱ्यांनी हीच सवय लावून घ्यावी. पावती जपून ठेवणारा माणूस कचेरीत कुणापुढे दबत नाही.