चालणाऱ्यांचा निसर्ग

निसर्गकविता शिकवताना आम्ही एक गोष्ट न तपासता गृहीत धरत आलो : निसर्गाचा रसिक हा चालणारा असतो. चढण चढावी, दम लागावा आणि मग दर्शन घडावे, असा जणू आपला संकेतच आहे. काही वर्षांपूर्वी वर्गाची सहल एका तलावावर नेली, तेव्हा व्हीलचेअरवरून वावरणारी आमची एक विद्यार्थिनी बसमध्येच थांबली. पाणी जेमतेम दोनशे पावलांवर होते; पण मध्ये दगडी पायऱ्या होत्या. परतल्यावर आम्ही तिला तलावाचे वर्णन ऐकवले. तिने ते सौजन्याने ऐकून घेतले. ते सौजन्य आम्हांस अजून सलते.

म्हणूनच इंग्लंडमधील डरवेंटवॉटर सरोवराकाठची फ्रायर्स क्रॅगची वाट आम्हांस महत्त्वाची वाटते. केसिक गावाजवळची ही छोटी वाट व्हीलचेअर नेता येईल अशी आहे. लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाने अशा अनेक वाटा ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या नावाखाली एकत्र आणल्या आहेत. ‘स्टाइल’ म्हणजे कुंपण ओलांडण्याची पायरी. गुरे अडावीत आणि माणसे पलीकडे जावीत यासाठी केलेली. ती काही माणसांनाही अडवते, हे ध्यानात येण्यास फार काळ जावा लागला. फ्रायर्स क्रॅगवर रस्किनचे स्मारक आहे. त्याची अगदी पहिली आठवण याच जागेची होती, आणि तेथे तो एकटा गेला नव्हता. दाईने त्याला नेले होते.

पक्की वाट केली की रानाचे रानपण संपते, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी फोल नाही. प्रत्येक शिखरावर रस्ता असावा असे कोणीच म्हणणार नाही. परंतु तलावाकाठच्या पायऱ्याही माणसानेच बांधलेल्या असतात. त्यांनी रानपण भंगत नाही आणि उताराने मात्र भंगते, हा कोणता न्याय?

याच सरोवरांच्या प्रदेशात डोरोथी वर्ड्सवर्थ राहिली. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटरकाठी पाहिलेल्या डॅफोडिल्सची नोंद तिच्या रोजनिशीत आहे. भावाची सुप्रसिद्ध कविता त्यानंतरची. १८१८ साली ती स्काफेल पाइक हे शिखर चढून गेली. उत्तरायुष्यात मात्र दीर्घ आजाराने तिचे चालणे थांबले आणि रायडल माउंटच्या बागेत तिला चाकांच्या खुर्चीतून फिरवावे लागे. आम्ही तिची रोजनिशी शिकवली, तिची पायपीट रंगवून सांगितली. ती खुर्ची मात्र वर्गाबाहेरच ठेवली. पाय थकले म्हणून तिची दृष्टी उणावली, असे म्हणण्याचे धाडस कोणता समीक्षक करील?

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, ही त्याची अपेक्षा आहे. तेव्हा तलावाकाठी शंभर-दोनशे पावलांची सपाट, रुंद, बिनपायऱ्यांची वाट मागणे म्हणजे दया मागणे नव्हे. आणि सहलीचे ठिकाण ठरवण्यापूर्वी ती वाट स्वतः पाहून येणे, हे आम्हां शिक्षकांचे काम आहे. त्या वर्षी ते आम्ही केले नाही.