वॉरंटी संपली म्हणजे मालकीही संपली काय?

घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या आडोशाला जुनी गावठाणे, झोपडपट्ट्या आणि येऊरच्या डोंगराकडेचे आदिवासी पाडे अजूनही आहेत. टॉवरमधला लॅपटॉप बिघडला तर दुसऱ्या दिवशी नवा येतो. वस्तीतल्या पोराचा बिघडला तर त्याचे सेमिस्टर बिघडते. २०२०च्या लॉकडाऊनने लॅपटॉपला चैनीच्या यादीतून काढून वह्या-पुस्तकांच्या यादीत बसवले. आमच्या समाजातल्या आईबापांनी तो हप्त्यांवर घेतला. वॉरंटी बहुधा एका वर्षाची आणि हप्ते कित्येकदा दीड-दोन वर्षांचे. म्हणजे कर्ज फिटण्याआधीच कंपनीची जबाबदारी संपलेली असते!

त्यानंतर मशीन बंद पडले की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काय होते, हे आमच्याकडे सल्ल्याला येणारे पालक सांगतात. आधी नुसते तपासण्याचे पैसे. मग निदान ठरलेले, ‘मदरबोर्ड बदलावा लागेल.’ खर्चाचा आकडा कधी नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या घरात, त्यावर १८ टक्के जीएसटी. वास्तविक मेलेली असते एखादी बारीक चिप. पण सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा चिप दुरुस्त करीत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात. तीच चिप ठाणे स्टेशनकडच्या गाळ्यात बसलेला कारागीर भिंगाखाली सोल्डरिंग करून पुष्कळ कमी पैशांत बदलून देतो. मात्र त्याला कंपनी अस्सल सुटा भाग विकत नाही, सर्किटचा नकाशा देत नाही, आणि वर त्याला ‘अनधिकृत’ म्हणते.

हा शब्द आम्हाला नवा नाही. ज्ञान कोणी घ्यावे, कोणत्या ग्रंथाला कोणी हात लावावा, याचा अधिकार मूठभरांनी आपल्याकडे ठेवला आणि बाकीच्यांना अनधिकारी ठरवले, हा या देशाचा जुना रोग आहे. ज्याच्या हातात कसब आहे त्याला नकाशा नाही. ज्याच्याकडे नकाशा आहे तो दुरुस्तीच करीत नाही. बॅटरीची सुरक्षितता आणि ग्राहकाची माहिती यांचे कारण कंपन्या पुढे करतात. बॅटरीपुरते ते खरेही आहे. पण त्यावर उपाय प्रशिक्षण आणि अस्सल भाग हा आहे, कुलूप हा नव्हे.

आता कायद्याचे पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. जादा किमतीची तक्रार त्यात करता येते, परंतु केव्हा? कायद्याने ठरवलेल्या, वस्तूवर किंवा दरपत्रकात दाखवलेल्या, अथवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले तरच. आणि सुट्या भागांचे दरपत्रकच लोकांसमोर नसेल तर? मग तुलना कशाशी करायची? मेख आहे ती इथे. ‘फार महाग सांगितले’ एवढ्यावर आयोगापुढे तक्रार टिकणे अवघड, हे आम्ही पक्षकाराला पहिल्या भेटीतच सांगतो. ग्राहकांवर अवाजवी खर्च वा निर्बंध लादणाऱ्या ‘निर्बंधित व्यापार प्रथे’ची व्याख्या याच कायद्याच्या कलम २मध्ये आहे. लॅपटॉपच्या बाबतीत वकिलांनी तिचा उपयोग करायला हवा.

मोटारींच्या बाबतीत हे झालेले आहे. सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग खुल्या बाजारात उपलब्ध करण्यास सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग निराळा. मोटारवाल्यांना जे लागू, ते लॅपटॉपवाल्यांना का नाही?

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल काढले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो किती दुरुस्त होण्याजोगा आहे याचे १० पैकी गुण दाखवावे लागू लागले, आणि त्या गुणांत सुट्या भागांची किंमतही धरली. आमच्याकडे पोराचा बाप दुकानात फक्त हप्ता विचारतो, कारण बाकीचे काही त्याच्यासमोर ठेवलेलेच नसते. संविधानाच्या कलम ३९मध्ये संपत्ती व उत्पादनाची साधने मूठभरांहाती एकवटू नयेत, असे राज्याला बजावले आहे. सुट्या भागांची मक्तेदारी त्यात बसत नाही काय?

तोवर एवढे तरी करा. खर्चाचा अंदाज लेखी मागा, त्यात भागाचे नाव आणि किंमत वेगळी लिहून घ्या. लेखी ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त घेतले तर तीच तक्रारीची पायरी होते. पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कंपनीचे मुख्यालय बंगळुरूला असो वा गुरुग्रामला, कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे ठाण्यातच, तक्रार दाखल होते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे.