बिनबोभाट

बदलापूरहून गाडी पकडून मी अंबरनाथच्या एमआयडीसीतील एका कचेरीत जातो. काम एवढेच : ४० संगणकांची निगा.

नवे सॉफ्टवेअर बसवताना संगणक दर पायरीला विचारतो, कोठे ठेवू? कोणती भाषा? ४० ठिकाणी उत्तरे कोण देत बसणार? म्हणून ती आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची. विंडोजमध्ये तिला ‘ट्रान्सफॉर्म’ म्हणतात. आज्ञेला ‘क्यूएन’ जोडले, की पडद्यावर चकार शब्द न उमटता काम होते.

गेल्या दिवाळीत मी ‘नोरीस्टार्ट’ लिहायला विसरलो. बोनसच्या याद्या चालू असतानाच सगळे संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. उल्हासनगरहून येणाऱ्या हिशेबाच्या बाईंची जतन न केलेली यादी गेली. बोनस एक दिवस लांबला. बाई एवढेच म्हणाल्या, “भाऊ, विचारायचं तरी होतं!”

आता मी आधी माझ्याच संगणकावर प्रयोग करतो. लॉगमध्ये ३०१० दिसले, म्हणजे बसवणे झाले, पुन्हा सुरू करणे राहिले. त्याची वेळ बाईंना विचारून ठरवतो.

यंदा नवरात्रात जेवणाच्या सुट्टीत काम उरकले. बाई डबा झाकीत म्हणाल्या, “झालं? कळलंसुद्धा नाही!”

बिनबोभाट म्हणतात ते हेच.