पाटीवरचा आकडा

गेल्या पावसाळ्यात अंगात ताप घेऊन आम्ही एका दवाखान्यात गेलो. दाराशीच्या यंत्राने चिठ्ठी दिली: क्रमांक ४२. शेजारी बाकावर एक आजोबा बसले होते. ते मागच्या दाराने आले होते. त्यांच्याही चिठ्ठीवर ४२! पुकारा झाला तसे दोघेही उठलो. आजोबांना धाप लागली होती, म्हणून आम्ही खाली बसलो. पण आमच्या जागी एखादा हट्टी गृहस्थ असता तर? हा विचार घरी आल्यावरही डोक्यातून जाईना.

आमचा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, दोन्ही यंत्रांनी एकाच क्षणी पाटी वाचली असणार. पाटीवर ४१. दोघांनी आपापल्या मनात एक मिळवला आणि दोघांनीही ४२ लिहिला. माणसे आली दोन, आकडा वाढला एकाने!"

पाटी म्हणजे संगणकाची चपळ, पण तात्पुरती स्मृती. जुना दुकानदार दिवसभर पाटीवर आकडे मांडी आणि रात्री चोपडीत चढवी, त्यातलाच प्रकार. २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने लाइव्हजर्नल या आपल्या संकेतस्थळासाठी 'मेमकॅश्ड' नावाची अशी एक पाटी तयार केली. तिला 'इन्कर' अशी आज्ञा देता येते. गंमत अशी, की येथे आकडा आधी विचारायचाच नाही. "एक वाढव आणि किती झाले ते सांग," एवढेच म्हणायचे. ते काम पुरे होईपर्यंत त्या आकड्याला दुसऱ्याचा हात लागत नाही. मग कितीही घाई असो, एकाला ४२ मिळतो, दुसऱ्याला ४३.

पाटीचा स्वभाव मात्र तऱ्हेवाईक. आकडा मुळात मांडलेलाच नसेल, तर ती 'सापडला नाही' म्हणून मोकळी होते. २००९ साली इटलीच्या साल्वातोरे सान्फिलिपो यांनी आणलेले 'रेडिस' अधिक समजूतदार. ते शून्य धरून कामाला लागते. मेमकॅश्ड वजाबाकी करताना शून्याखाली उतरत नाही (महिनाअखेरीस आमच्या खिशाला हा गुण असता तर!), आणि वर चढता चढता १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या वीस अंकी आकड्यावर आणखी एक मिळवला, की पुन्हा शून्य.

"मग आता चूक होणार नाही ना?" आम्ही विचारले.

"होईल की! वीज गेली, की मेमकॅश्डची पाटी कोरी. जागा कमी पडली, तर बरेच दिवस न वापरलेले आकडे ती आपणहून पुसते. एखादा लेख किती जणांनी उघडला, ही मोजदाद गेली तर कुणाचे काय बिघडते? पण दवाखान्यात वीज परत आल्यावर कुणी पुन्हा शून्य मांडले, तर क्रमांक १ पासून सुरू होतील, आणि तुमचे आजोबा पुन्हा कुणाच्या तरी जोडीला बसतील. असले आकडे पाटीवर वाढवले, तरी चिठ्ठी देण्याआधी चोपडीत उतरले पाहिजेत. पैशांचे तर सोडूनच द्या."

दसऱ्यानंतर पुन्हा त्या दवाखान्यात जाणे झाले. मागचे दार बंद होते. पुढच्या दाराशी एक मुलगी जाड वहीत हाताने क्रमांक लिहीत होती. आम्हांला १७ मिळाला. आम्ही बाकावरच्या प्रत्येकाची चिठ्ठी चोरून पाहिली. दुसरा १७ कुठे नव्हता. आजोबाही नव्हते.