मनाचे आरोग्य : आग आणि अनावर ऊर्मी

म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा १८९७ साली राजकन्येच्या विवाहसोहळ्यात अपघाताने जळाला. आजचा राजवाडा १९१२ मध्ये पुरा झाला. त्याच नगरीच्या विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. आगीचे कारण कधी कधी मनातही शोधावे लागते.

मुद्दाम लावलेल्या आगींपैकी फारच थोड्यांमागे 'पायरोमेनिया' हा विकार असतो. त्यात आग लावण्यापूर्वी मनावर विलक्षण ताण येतो; ज्वाळा पाहताच सुख वा सुटका वाटते. पैसा, सूड, मद्याची धुंदी वा भ्रम हे कारण नसते, आणि कृत्य पुनःपुन्हा घडते. कुतूहलाने एकदा काडी ओढणाऱ्या मुलाला हे नाव देऊ नये.

परंतु घरात असे वारंवार घडू लागले, तर? मारहाणीने ऊर्मी शमत नाही, आणि लपवाछपवीने सर्वांचेच जीव धोक्यात येतात. काड्यापेटी व रॉकेल हाती लागू देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ऊर्मी उठताच ती ओळखून आवरण्याचा अभ्यास उपचारात करवून घेतात. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. रोगाला नाव मिळाल्याने जबाबदारी संपत नाही. उपचाराची वाट मात्र तेथूनच सुरू होते.