गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे!

"वाटी घासलीये, आता जपून." पन्नाशी-साठी ओलांडलेल्या घरोघरच्या मंडळींच्या तोंडी हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलं असेल. त्यावरचा सल्लाही ठरलेला: जिना चढू नका, काही उचलू नका, बसून राहा. सल्ला प्रेमापोटीच दिला जातो. पण तो चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मित्रांनो, गंमत म्हणजे ही भाषा आपलीच आहे. वंगण संपलं, वाटी झिजली, पार्ट बदला! बेअरिंगचं आयुष्य आपण फेऱ्यांमध्ये मोजतो. जितकं फिरेल तितकं झिजेल. वाचवायचं तर बंद ठेवा. गुडघ्याला मात्र हा हिशोब लागू पडत नाही. त्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. बेअरिंग बंद ठेवलं तर टिकतं, गुडघा बंद ठेवला तर उपाशी राहतो.

आता लोडचं बघू. कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून घेतलेली मोजमापं २०१० साली प्रसिद्ध झाली. सपाट जागी चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, तर जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट भार येतो. म्हणजे ६० किलोच्या बाईच्या गुडघ्यावर २०० किलो! हा धक्का जिरवायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं, आणि गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये नेमके तेच अशक्त झालेले असतात. दुखतं म्हणून हालचाल कमी, म्हणून स्नायू बारीक, म्हणून आणखी दुखतं. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक वेगळा सांगायला नको. हा लूप तोडायची सोपी जागा म्हणजे स्नायू.

व्यायाम हा चमत्कार नाही, हेही मान्य करायला हवं. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ४३९ ज्येष्ठांच्या चाचणीत वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचा त्रास, नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा कमी झाला, पण माफकच. २०२१ च्या दुसऱ्या एका चाचणीत तर जड वजनं उचलणारा गट १८ महिन्यांनंतर दुखण्यात बाकीच्यांपेक्षा सरस ठरला नाही. माझ्या मते यातून घ्यायचं ते एवढंच, की त्यासाठी जिमची पावती फाडायची गरज नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या सूचनांत या आजाराच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवायला सांगितलंय, आणि आपण आईसाठी हौसेने आणतो त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या देऊ नका, असंही सांगितलंय.

"दिवसभर घरकाम करते, तोच व्यायाम!" हे उत्तर घरी हमखास मिळेल. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं वेगळं आणि स्नायूला थोडं थोडं वाढतं काम देणं वेगळं. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणं-बसणं. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करणं. जमू लागलं की घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधणं. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं पुरे. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशीही ते दुखणं वाढलेलंच राहिलं तर प्रमाण कमी करायचं. गुडघा लाल होऊन सुजला असेल, अडकत असेल किंवा पडल्यावर दुखायला लागला असेल, तर मात्र आधी डॉक्टर. सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारून केली तर उत्तमच.

प्रश्न फक्त दुखण्याचा नाही. जिना बंद झाला की देऊळ बंद, बाजार बंद, मैत्रिणी बंद. बाईचं जग दोन खोल्यांत मावायला लागतं आणि आपण त्याला 'वय झालं' म्हणतो. तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईला "तू बस गं" म्हणण्याऐवजी एक खुर्ची ओढा आणि म्हणा, "ऊठ, आपण दोघं दहा वेळा करू."